अर्धशिशी, विपश्यना आणि दोन वेगळे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात एखादे जुनाट दुखणे घेऊन राहणाऱ्या माणसाला आध्यात्मिक उपचार शोधत फिरावे लागत नाही. ते उपचारच त्याच्या दारापर्यंत येतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर रेकीच्या वर्गाची जाहिरात येते, कार्यालयातील सहकारी प्राणिक हीलिंगच्या शिबिराचा फॉर्म हातात ठेवते, शेजारच्या काकू सहजयोगाच्या साप्ताहिक ध्यानाला सोबत नेण्यास तयार असतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी तोवर नवस बोलून मोकळी झालेली असतात. मला विशीपासून अर्धशिशीचा त्रास आहे. त्यामुळे हे सारे मी पुष्कळ वर्षे जवळून पाहिले आहे, त्यातील काही मार्गांवर स्वतः चालले आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. दुखणे बरे करणे आणि स्वतःला ओळखणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आध्यात्मिक मार्ग दुसऱ्या प्रश्नासाठी फार मोलाचा ठरू शकतो. तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची हमी देऊ लागला, की तिथे सावध व्हावे.

ज्यांना अर्धशिशी होत नाही त्यांना ती म्हणजे जोराची डोकेदुखी वाटते. प्रत्यक्षात ती मेंदूच्या कार्याशी निगडित अशी अवस्था आहे. झटका ४ ते ७२ तास चालू शकतो, डोक्याची बहुधा एकच बाजू ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसे होतात, आणि काही जणांना आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. माझ्या लहानपणी घरात कोणाचेही डोके उठले की आजी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावत असे आणि संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत असे. पुढे मलाही तिने तेच केले. त्या लेपाने ठणक थांबत नसे, परंतु अंधाऱ्या खोलीत तिचा हात कपाळावर असे, आणि त्या हाताने मिळणारा आधार खरा होता. औषधाचा धडा मला बऱ्याच उशिरा ठाण्यातील एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दिला. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि अर्धशिशीच्या विशेष गोळ्या १० किंवा अधिक दिवस अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते, हे त्यांनी समजावले. झटके येऊ नयेत म्हणून रोजची वेगळी गोळी त्यांनी सुरू केली, झोपेची आणि जेवणाची वेळ ठरवून दिली आणि डोकेदुखीची नोंदवही ठेवायला सांगितली. ही नोंदवही पुढे माझ्या सर्व साधनेची साक्षीदार झाली, आणि ती कोणत्याही गुरूपेक्षा किंवा डॉक्टरांपेक्षा निःपक्षपाती आहे.

विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीकडे मी वळले त्यामागे, ती भारतात शिकवणारे सत्यनारायण गोयंका यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आहे. १९२४ मध्ये ब्रह्मदेशातील मंडाले येथे मारवाडी कुटुंबात जन्मलेले गोयंका तरुणपणीच यशस्वी व्यापारी झाले आणि त्याच वयात त्यांना तीव्र अर्धशिशीने गाठले. ती इतकी असह्य होती, की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. मॉर्फिनची सवय लागेल या भीतीने त्यांनी युरोप, अमेरिका आणि जपान येथील डॉक्टरांना दाखवले, पण उपाय सापडला नाही. १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, म्हणजे दिवसा कार्यालय सांभाळणारे गृहस्थ, आणि तरीही ध्यानाचे थोर आचार्य. आपण डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलो आहोत, असे गोयंकांनी सांगताच आचार्यांनी त्यांना शिबिरात घेण्यास नकार दिला. शरीराच्या एका व्याधीवरचा इलाज म्हणून ही विद्या वापरणे हे तिचे मोल कमी करणे आहे, मन शुद्ध करण्यासाठी यायचे असेल तर यावे, मग व्याधी गेलीच तर ती आनुषंगिक गोष्ट असेल, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

हा प्रसंग मला पुन्हा पुन्हा विचारात पाडतो. समोर श्रीमंत, त्रासलेला, कोणतीही किंमत मोजायला तयार असलेला माणूस बसला आहे, आणि शिक्षक त्याला हमी देण्याचे नाकारतो. उपचाराच्या बाजारात वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दुर्मीळ वाटावे, आणि ते दुर्मीळ आहेच. गोयंका पुढे त्याच आचार्यांकडे बरीच वर्षे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात आले. त्यांचे इथले पहिले शिबिर मुंबईत झाले, १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. त्यांची अर्धशिशी गेली हे खरे. पण ती जाईल असे आमिष दाखवून त्यांना कोणी बसवले नव्हते, हे त्याहून महत्त्वाचे.

रेकीचा अनुभव मी याआधी घेतला होता. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास ही पद्धत शिकवायला सुरुवात केली आणि हवायो ताकाता यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती हवाई बेटांवर नेली. तिथून ती जगभर पसरली. आपल्याकडे ती पहिली पायरी, दुसरी पायरी, मग मास्टर, अशा क्रमाने शिकवली जाते आणि प्रत्येक पायरीचे शुल्क वाढत जाते. मी ज्या बाईंकडे जात असे त्यांचे हात प्रेमळ होते. मंद प्रकाश, शांत खोली, कपाळावर आणि मानेवर ठेवलेले उबदार तळवे आणि तासभर कोणाचेही काही ऐकायचे नाही, या सगळ्याने खांद्यांतील ताठरपणा उतरत असे. आजीच्या हाताची आठवण मला तिथे नेहमी येत असे, आणि माझ्या मते रेकीत जे काही मिळते त्याचे बरेचसे स्पष्टीकरण त्या आठवणीत आहे. विश्वशक्ती तळव्यांतून वाहते या दाव्याला मात्र कोणताही आधार मला सापडलेला नाही. रेकीच्या जवळची अशी ‘थेरप्युटिक टच’ नावाची एक पद्धत आहे. तीत उपचारक रुग्णाच्या शरीराभोवतीची ऊर्जा हातांना जाणवते असे मानतात. एमिली रोझा या अमेरिकन मुलीने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक साधी चाचणी रचली. उपचारकाने पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात पुढे करायचे, एमिलीने नाणे उडवून ठरवलेल्या एका हातावर आपला तळवा धरायचा, आणि तो कोणत्या हातावर आहे हे उपचारकाने न पाहता सांगायचे. २१ उपचारकांची उत्तरे ४४ टक्के वेळा बरोबर आली, म्हणजे केवळ अंदाजाने यावीत त्याहूनही थोडी कमी. हा अभ्यास १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

हे ठाऊक असूनही मी त्या वर्गाला आणखी काही काळ गेले असते, कारण विश्रांती ही काही कमी प्रतीची गोष्ट नव्हे. मी थांबले ते वेगळ्या कारणाने. पुढच्या पायरीची दीक्षा घेण्यापूर्वी रोजच्या गोळ्या बंद कराव्यात, कारण रसायने ऊर्जेच्या प्रवाहात अडथळा आणतात, असे मला सांगण्यात आले. अर्धशिशीत गोळी अचानक थांबवणे त्रासाचे ठरते. अपस्माराच्या किंवा तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णाने हाच सल्ला मानला तर त्याच्या जिवावर बेतू शकते. जो मार्ग औषध सोडायला सांगतो तो आपली मर्यादा ओलांडून डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेला असतो, आणि तिथे त्याला कोणतीही सूट देऊ नये असे मला कळकळीने वाटते.

योगनिद्रेबद्दल मात्र मी मनापासून चांगले बोलू शकते. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाने गेली अनेक दशके योगाचे वर्ग चालवले आहेत आणि बिहार योग विद्यालयाच्या, म्हणजे स्वामी सत्यानंद सरस्वतींच्या परंपरेशी त्यांचे नाते आहे. त्या परंपरेतील योगनिद्रेत शवासनात पडून आधी एक संकल्प करायचा, मग उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करून शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवत न्यायचे, श्वास पाहायचा, जडपणा आणि हलकेपणा, थंडी आणि उष्णता अशा परस्परविरोधी संवेदना आठवायच्या, आणि शेवटी पुन्हा संकल्पाशी यायचे. सत्यानंदांनी ही रचना तंत्रातील न्यासावरून, म्हणजे मंत्र म्हणत शरीराच्या एकेका भागाला स्पर्श करण्याच्या विधीवरून घेतली होती. ज्यांच्या घरी स्तोत्रापूर्वी करन्यास आणि अंगन्यास होत असत त्यांना ही फेरी ओळखीची वाटेल. माझ्या वडिलांची बोटे पूजेच्या वेळी ज्या क्रमाने फिरत असत, त्याची मला या सरावात आठवण झाली. इथे कोणी डोकेदुखी जाईल असे म्हणाले नाही. झोप सुधारली, आणि अर्धशिशीत नियमित झोपेचे महत्त्व फार असते.

गणेशपुरीलाही मी जाऊन आले. भगवान नित्यानंदांच्या समाधीपाशी कोणी काही विचारत नाही, आणि वज्रेश्वरीच्या परिसरातील गरम पाण्याच्या कुंडांनी मान मोकळी होते. याहून अधिक त्याबद्दल मला सांगण्यासारखे नाही.

विपश्यनेचे शिबिर मी बेलापूरला पारसिक टेकडीवरील धम्मविपुल केंद्रात केले. ठाण्याहून पनवेल लोकलने मी रोज त्याच स्थानकावर कामासाठी उतरत असे, आणि माथ्यावर असे काही आहे याची फारशी कल्पना मला नव्हती. शिबिर १० दिवसांचे असते. पहाटे ४ वाजता घंटा होते, रात्री ९.३० च्या सुमारास दिवे मालवतात, आणि दिवसाचे जवळजवळ दहा तास ध्यानात जातात. बोलणे, वाचणे, लिहिणे, फोन, जप, पूजा हे सारे बाजूला ठेवायचे असते. राहण्याचे, जेवणाचे किंवा शिकवण्याचे शुल्क घेतले जात नाही, आणि ज्याने एक शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच दान स्वीकारले जाते. पहिले साडेतीन दिवस केवळ नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष असते. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत शरीराच्या प्रत्येक भागावरील संवेदना पाहत जायचे आणि सुखद असो वा दुःखद, तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. त्यानंतर दिवसातून तीनदा एकेक तास अधिष्ठानाचा असतो, ज्यात डोळे न उघडता आणि हात-पाय न हलवता बसायचे असते.

मला शिबिरात झटका आला, आणि तो येईल हे मी धरूनच चालले होते, कारण पहाटेचे उठणे आणि रात्रीचे जेवण नसणे या दोन्ही गोष्टी अर्धशिशीला चेतवणाऱ्या आहेत. माझा आजार आणि औषधे मी अर्जात लिहिली होती. आचार्यांनी मला गोळी घेऊन खोलीत पडून राहण्यास सांगितले आणि शक्य होईल तितकेच लक्ष द्या, जबरदस्ती करू नका, असे बजावले. गोळीचा परिणाम होईपर्यंतच्या त्या काळात मी प्रथमच ठणकेकडे इतक्या जवळून पाहिले. ती एकसंध नव्हती. तिच्यात एक ठोका होता, भुवईच्या वर एक ओढ होती, उष्णता होती, आणि या सगळ्यांच्या मध्ये चक्क मोकळ्या जागा होत्या. तिच्या शेजारी मात्र दुसरेच काही अखंड चालू होते: आता किती तास जाणार, उद्या उठता येईल का, असे आयुष्यभर चालणार का. ठणक येत-जात होती; हा हिशेब थांबत नव्हता.

बुद्धाच्या उपदेशात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. साध्या माणसाला शरीराच्या दुःखाचा एक बाण लागतो आणि लगेच शोकाचा, विलापाचा दुसरा बाण लागतो. साधकाला पहिलाच लागतो. आमच्या ठाण्यात ज्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा परिचय डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे अनेक कुटुंबांना झाला, तोही वेगळ्या भाषेत याच जागी बोट ठेवतो: घटना एक असते आणि ‘हे मला असह्य आहे’ हे आपले घोषवाक्य दुसरे असते.

याला वैद्यकीय संशोधनाचा दुजोरा मिळतो, आणि तो माझ्या मूळ मुद्द्याशी फार नेमका जुळतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये बौद्ध ध्यानावरून आठ आठवड्यांचा एक धर्मनिरपेक्ष अभ्यासक्रम तयार केला. अर्धशिशीच्या ८९ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या गटाला ध्यान शिकवले, उरलेल्यांना डोकेदुखीविषयी शास्त्रीय माहिती दिली. झटक्यांचे दिवस दोन्ही गटांत कमी झाले, परंतु ध्यानाच्या गटात ते माहितीच्या गटापेक्षा लक्षणीय अधिक कमी झाले नाहीत. फरक पडला तो इतरत्र: ध्यान करणाऱ्यांचे दैनंदिन व्यवहार कमी अडू लागले, जगण्याची गुणवत्ता सुधारली, उदासी घटली, आणि वेदनेविषयीचे भयंकर तर्क कमी झाले. माझी नोंदवही हेच सांगते. झटके काहीसे विरळ झाले आहेत, पण प्रतिबंधक गोळीही त्याच काळात सुरू झाली होती, त्यामुळे त्याचे श्रेय मी ध्यानाला देत नाही. दुसरा बाण आता कमी लागतो, त्याचे श्रेय मात्र ध्यानाचेच आहे.

स्वतःची ओळख म्हणून जे हाती लागले ते या दुसऱ्या बाणाच्या मागे दडलेले होते. आमच्या घरातील सर्वांचे दिवस माझ्या कपाळाकडे पाहून ठरत असत. सासूबाई मिक्सर लावण्याआधी माझ्या खोलीत डोकावत, मुलगी शाळेतून आल्यावर आधी माझा चेहरा वाचत असे, सहलीचे बेत ‘हिचे डोके’ या शब्दांवर थांबत. दुखणे माझे होते. त्याची भीती मात्र घरातील प्रत्येकाने वाटून घेतली होती. हे मला शिबिराच्या मौनात, कोणीही न सांगता, स्पष्ट दिसले. घरी परतल्यावर मी एवढेच केले, की डोके दुखत नसताना ‘आज बरे आहे’ असे आपणहून सांगू लागले, आणि दुखत असताना कोणाला काय करायला हवे आणि काय नको हे शांतपणे सांगू लागले. मुलीचे चेहरा वाचणे हळूहळू कमी झाले. कोणत्याही गोळीने हे झाले नसते, आणि कोणत्याही ध्यानाने गोळीचे काम झाले नसते.

एक गोष्ट मला दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर कळली आणि ती इथे सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्यासारख्या घरातून येणाऱ्या स्त्रीसाठी बुद्धाचा मार्ग हा ‘पर्यायी’ होता. माझ्या शेजारच्या आसनावर बसणाऱ्या, ऐरोलीहून आलेल्या ताईंसाठी तो घरचा होता. त्यांच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत धम्मदीक्षा घेतली होती. लहानपणापासून घरात त्रिशरण-पंचशील म्हटले जात असल्यामुळे शिबिरात पाळायच्या शीलांचे, म्हणजे आचरणाच्या नियमांचे, त्यांना काही नवल नव्हते. डोळे मिटून इतका वेळ बसणे हेच नवे होते. भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण झालेला मनुष्य असावा की समाजाचा सेवक असावा, हा बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न त्यांनी मला सांगितला आणि दहा दिवस स्वतःच्या नाकपुड्यांकडे पाहिल्यावर पुढे काय, असे सरळ विचारले. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आत्मशोधाची भाषा किती सहज आत्ममग्नतेकडे घसरते याची जाणीव मला त्या प्रश्नाने दिली, आणि तेव्हापासून कोणत्याही साधनेकडे पाहताना तो प्रश्न मी सोबत ठेवते.

आता सावधगिरीचे. सलग दहा दिवसांचे मौन आणि ध्यान सर्वांसाठी नसते. पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र भीती, चिंता, झोप उडणे, आजूबाजूचे जग खोटे वाटू लागणे असे अनुभव नोंदवले आहेत, आणि काहींचा त्रास दीर्घकाळ टिकला. ज्यांना भ्रम किंवा द्विध्रुवी आजाराचा इतिहास आहे, ज्यांचा शोक अगदी ताजा आहे, ज्यांनी अलीकडे मानसोपचाराची औषधे बदलली आहेत, त्यांनी आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. केंद्रेही अर्जात शारीरिक व मानसिक आजारांविषयी विचारतात ते याच कारणाने. ही माहिती लपवून प्रवेश मिळवणारी माणसे मला भेटली आहेत, आणि त्यांच्याविषयी मला काळजी वाटते.

म्हणून ज्या ओळखीच्या स्त्रिया मला शिबिराविषयी विचारतात त्यांना मी अर्जातील आरोग्याचा रकाना पूर्ण भरायला सांगते: आजाराचे नाव, रोजच्या गोळ्यांची नावे आणि मात्रा, झटका आल्यास घ्यावयाचे औषध, उपाशी राहण्याने होणारा त्रास, आणि सोबत डॉक्टरांचे पत्र. गोळ्या शिबिरभर पुरतील इतक्या न्याव्यात आणि पोहोचल्यावर व्यवस्थापिकेला दाखवून ठेवाव्यात. प्रवेश नाकारला गेला तर तो अपमान मानू नये. योगनिद्रेचा वर्ग किंवा आठ आठवड्यांचा सौम्य अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. आणि मन फारच खचले असेल, तर आधी कोणत्याही मार्गाचा विचार न करता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.